खाऊची पिशवी घरची, मुलांच्या हातची

ऑक्टोबर महिना लागला की आपल्या घराघरांत धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी सुरू होते. पांढरे कपडे धुऊन निघतात, विहारात साफसफाई होते. १४ ऑक्टोबर पार पडतो आणि महिना सरता सरता आणखी एक दिवस हल्ली मुलांच्या तोंडी येऊ लागला आहे. त्याचे नाव हॅलोविन. तारीख ३१ ऑक्टोबर. मुंबई-नवी मुंबईकडच्या काही इंग्रजी शाळांत आणि मोठ्या सोसायट्यांत मुले त्या दिवशी भुताखेतांचे मुखवटे घालतात, शेजाऱ्यांची दारे वाजवतात आणि हातातल्या पिशवीत गोळ्या-चॉकलेटे गोळा करतात. आता आपलीही मुले त्या शाळांत जातात. मग एके दिवशी वहीत निरोप लिहून येतो की काळे कपडे, मुखवटा आणि खाऊची पिशवी घेऊन यावे.

हा निरोप वाचून किती माता-भगिनींच्या कपाळाला आठी पडत असेल! दुकानातली तयार पिशवी आणि मुखवटा घ्यायचा म्हटले तर शे-दोनशे रुपये सहज जातात. घरात दोन मुले असली तर खर्च दुप्पट. ज्या घरातले वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात राबतात आणि आई नवीन पनवेलमध्ये चार घरची धुणीभांडी करते, त्या घरात तेवढ्या पैशांत आठवड्याची भाजी येते. नाही म्हणावे तर मूल हिरमुसते. हो म्हणावे तर एका दिवसाच्या वस्तूसाठी पोटाला चिमटा. वाढदिवसाच्या ‘रिटर्न गिफ्ट’चेही हेच झाले आहे.

आम्ही पनवेलच्या आमच्या वस्तीत मुलांना घेऊन खाऊच्या पिशव्या घरीच करतो. त्याला खर्च जवळजवळ नाही. जुने कॅलेंडर, फाटका सदरा, वाटीभर खळ आणि रविवारची दुपार एवढे पुरते. त्या कशा करायच्या हे या लेखात सांगायचे आहेच. पण त्याआधी ही पिशवी कशासाठी करायची, हे थोडे पाहू.

दारोदार मागण्याची चाल

हॅलोविनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचे. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, असा तिकडच्या लोकांचा जुना समज होता. त्यांना पिटाळण्यासाठी सलगमचा कंद पोखरून आत दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक पोटासाठी अमेरिकेला गेले, त्यांच्याबरोबर ही रीतही गेली. तिथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून सलगमच्या जागी भोपळा आला.

इंग्लंडात याच दिवसांत गोरगरीब माणसे घरोघर जात. मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत आणि त्याबदली त्यांना छोटी गोड भाकर मिळे. म्हणजे आज सोसायटीतली मुले जी मौज करतात, तिच्या मुळाशी गरिबाचे दारोदार फिरणे आहे!

आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गावकीची कामे करून संध्याकाळी घरोघर भाकरी मागत फिरणे हे आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आले होते. शिळे तुकडे पदरात घेताना त्यांना काय वाटत असेल! आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे घेणे सोडा, असेही आपल्या माणसांना बजावले होते. पुष्कळांनी ते ऐकले. घरात उपास पडला तरी हात पसरला नाही.

म्हणून आपले मूल पिशवी घेऊन अनोळखी दारात उभे राहणार म्हटल्यावर घरातली आजी गप्प होते. तिच्या गप्प होण्याला कारण आहे. मुलाला त्यातले काहीच माहीत नसते, त्याला फक्त मित्रांबरोबर मजा करायची असते. दोघांचेही बरोबर आहे. मग वाट कशी काढायची?

आमच्या मते वाट सोपी आहे. पिशवी मुलाने जरूर करावी, पण ती भरून दुसऱ्याला द्यावी. शाळेत न्यायची झाली तर एका ऐवजी दोन न्याव्यात. एक स्वतःची आणि एक शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी.

हॅलोविनमध्येही असे घडलेले आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९५० साली क्लाइड अ‍ॅलिसन आणि मेरी एमा अ‍ॅलिसन या पतिपत्नींनी मुलांच्या हाती दुधाचे रिकामे, रंगवलेले खोके दिले. गोळ्या-चॉकलेटांऐवजी जगातल्या गरजू मुलांसाठी नाणी गोळा करायला सांगितले. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले. ते युनिसेफकडे पाठवण्यात आले. पुढे ती चाल अमेरिकाभर पसरली. सुरुवात कशाने झाली, तर घरातल्या रिकाम्या खोक्याने!

दूर कशाला जायचे? पनवेलजवळ मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा रस्ते जिथे फुटतात, त्या पळस्पे फाट्यावर बाबासाहेबांसाठी पाण्याचे मडके घेऊन वाट पाहणाऱ्या सोनबा येलवे यांची आठवण आपल्याकडे आजही सांगतात. मडके साधे मातीचेच. आपल्याकडे देण्यासारखे काही आहे, हे ते मडके सांगते. मुलांसोबत पिशव्या करायला बसाल तेव्हा ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

सामान काय लागते?

घरात शोधा, बाजारात जाऊ नका. जुन्या कॅलेंडरची पाने सर्वांत चांगली. कागद जाड असतो, लवकर फाटत नाही. मागील वर्षाच्या वह्यांतली कोरी पाने, तपकिरी कव्हरचा कागद, साड्यांच्या खोक्यातला पुठ्ठा हेही चालते. कापडात जुना सुती सदरा, लुगड्याचा किंवा साडीचा न विरलेला भाग, गोधडी शिवून उरलेले तुकडे. बांधायला सुतळी, लेंग्याची जुनी नाडी किंवा केळीचे वाळलेले सोपट. शिवाय कात्री, मोठी पट्टी, सुईदोरा.

वर्तमानपत्राची रद्दी बाहेरून सजावटीला वापरावी, पण खाऊ तिच्यात थेट ठेवू नये. छपाईच्या शाईत शिसे आणि इतर घातक रसायने असू शकतात आणि तेलकट, गरम पदार्थाला ती लागतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला. २०१८ च्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये विक्रेत्यांना व ग्राहकांना पुन्हा सांगण्यात आले. तरीही आपण भजी-वडे पेपरातच घेतो! निदान मुलांच्या खाऊला तरी ते नको.

दुसरी एक गोष्ट आपल्या घरांपुरती. कात्री लावण्याआधी रद्दीचे प्रत्येक पान उलटून पाहा. बाबासाहेबांचे, तथागतांचे, सावित्रीबाईंचे चित्र असलेले पान आधी बाजूला काढा. खाऊ संपला की पिशवी रस्त्यावर पडते, पायाखाली येते. जयंतीच्या विशेषांकांतली अशी चित्रे मुलांना वहीत चिकटवायला द्यावीत. आम्ही हे काम सर्वांत लहान मुलांकडे सोपवतो. चित्रे शोधता शोधता ती नावे विचारतात आणि आपोआप माहिती होते.

खळ

दोन चमचे मैदा किंवा गव्हाचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा. मग त्यात आणखी वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण दाट आणि चकचकीत झाले की उतरवा. हे काम मोठ्या माणसाने करावे. गार झाल्यावर मुलांना द्यावे. दोन दिवसांत वापरून टाकावे, नाहीतर आंबते. पीठही नसेल तर रात्रीच्या भाताची चार शिते बोटाने चिरडून लावली तरी कागद घट्ट बसतो. आपल्या कोकणपट्टीत पत्रांची पाकिटे अशीच चिकटवत होते.

पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालत. तो विषारी असतो. खाऊच्या पिशवीसाठी तो अजिबात वापरू नये.

कागदी पिशवी

मोठ्या पट्टीएवढा म्हणजे ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद तुकडा कापा.

१. कागद आडवा ठेवा. जी बाजू बाहेर दिसायला हवी ती खाली. वरची लांब कड दोन सेंटिमीटर आत दुमडा. हे पिशवीचे तोंड झाले. दुहेरी झाल्याने ते फाटत नाही.

२. डावी आणि उजवी कड मध्ये आणा. एक कड दुसरीवर दोन सेंटिमीटर चढवून खळीने चिकटवा. सपाट नळी तयार होते.

३. नळीचा खालचा भाग पाच सेंटिमीटर वर दुमडा. घडीवर नख फिरवा.

४. दुमडलेल्या भागात कागदाचे दोन थर दिसतील. खालचा थर एका हाताने धरून ठेवा आणि वरचा थर आपल्याकडे खाली ओढा. दोन्ही बाजूंना त्रिकोण तयार होतील. त्यांवर हात फिरवून सपाट करा. इथे मुले अडतात, म्हणून पहिली पिशवी मोठ्यांनी सावकाश करून दाखवावी.

५. आता खालची पट्टी वर आणि वरची पट्टी खाली दुमडा. दोन्ही पट्ट्या मधल्या रेषेच्या किंचित पुढे जाऊन एकमेकींवर बसल्या पाहिजेत. खळ लावून दाबा.

६. तासभर वाळू द्या. मग आत मूठ घालून तळ बाहेर ढकला. पिशवी उभी राहते. तोंडाशी दोन भोके पाडून सुतळी ओवा.

किराणा दुकानांसाठी शेकड्यावर कागदी पुड्या चिकटवून देणाऱ्या बायका आपल्या वस्त्यांत पुष्कळ होत्या. त्यांतल्या कोणी आजी जवळ राहत असतील तर त्यांना बोलवा. त्यांची बोटे अजून न बघता घडी घालतात. ते काम पोटासाठी होते, मुलांचा अभ्यास बुडवूनही झाले. हे काम हौसेचे आहे. म्हणून मूल कंटाळले की उठू द्यावे, अमुक इतक्या पिशव्या झाल्याच पाहिजेत असे सांगू नये.

सजावट आणि भुताचे रक्त

भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. रंगात बुडवून कागदावर उठवा. बटाटा अर्धा कापून त्यावर चांदणी कोरता येते. पिंपळाच्या पानाच्या मागच्या बाजूस रंग लावून दाबले तर शिरांसकट पान उमटते. आमच्या मुलांना हे सर्वांत जास्त आवडते. पिवळा रंग हळदीचा, गुलाबी बिटाच्या रसाचा, हिरवा पालकाचा. रंगात थोडी खळ मिसळली तर तो ओघळत नाही. रंग नेहमी बाहेरून लावावा, आतून नको.

हॅलोविनसाठीच पिशवी करायची असेल तर पांढऱ्या कागदाचे भूत कापून चिकटवायला आमची हरकत नाही. ज्या मुलाने स्वतःच्या कात्रीने भूत कापले, त्याला ते कागदाचे आहे हे पक्के ठाऊक होते.

याच वेळी एक प्रयोग करून पाहा. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवा. मग कपड्याच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर रेघ ओढा. रेघ रक्तासारखी लाल उमटते! तिच्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी होते. हळदीला साबणाचा, चुन्याचा खार लागला की ती लाल होते, आंबट लागले की मूळ रंगावर येते. यात जादू काहीच नाही. पण भगत-मांत्रिक रंग बदलण्याच्या अशाच युक्त्या वापरून ‘रक्त’ काढून दाखवतात आणि भाबड्या माणसांना लुबाडतात. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला खरा, पण आपल्या हाताने हळद लाल केलेले मूल पुढे कुणाच्या अशा जाळ्यात सहसा सापडणार नाही. भुताच्या दिवसाचा याहून चांगला उपयोग कोणता?

कापडी पिशवी

कागदी पिशवी एकदाच वापरली जाते, कापडी वर्षभर टिकते. सर्वांत सोपी पिशवी सदऱ्याच्या बाहीची. मनगटाच्या बाजूने वीतभर बाही कापा, उलटी करा, कापलेली बाजू धावदोऱ्याने दोनदा शिवा आणि सुलटी करा. मनगटाची पट्टी पिशवीचे तोंड होते आणि तिथले बटण लावले की तोंड बंद! एका सदऱ्यात दोन पिशव्या निघतात. सदऱ्याचा खिसा बाजूला उरतो, तो दुसऱ्या पिशवीवर बाहेरून शिवून टाकावा. त्यात पेन्सिल राहते.

बाही नसेल तर ५० सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद पट्टी मधोमध दुमडा, दोन्ही बाजू शिवा, तोंडाशी नेफा करून नाडी ओवा. आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुले मोठ्यांच्या नजरेखाली धावदोरा घालू शकतात. मुलगे आणि मुली दोघांनाही सुई द्या. ‘हे बायकांचे काम’ असे घरात कोणी म्हणाले तर शिंपी काय करतो ते विचारा.

प्लास्टिकचे तर आता नावच नको. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. गटारे तुंबून पाणी घरात शिरते तेव्हा पहिल्यांदा ते सखल भागातल्या आपल्याच वस्त्यांत शिरते. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगावे लागत नाही.

पिशवीत काय भरावे?

चुरमुरे, भाजलेले चणे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याची वडी. सर्व कोरडे आणि घरच्या आवाक्यातले. तेलकट-ओले पदार्थ कागदी पिशवीत घालू नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पिशवीत अख्खे शेंगदाणे, चणे आणि कडक गोळ्या घालू नका, घशात अडकून जीव गुदमरतो. त्यांना राजगिऱ्याची वडी किंवा बी काढून बारीक केलेला खजूर द्यावा.

खाऊबरोबर एक पेन्सिल किंवा खोडरबर घातला तर उत्तम. गेल्या काही वर्षांत ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याची हाक दिली जाते आणि लोक ती ऐकतात. आपल्या पिशवीतली पेन्सिल ही त्याचीच धाकटी बहीण.

वाटायची रीत

कोणता दिवस निवडावा? ३१ ऑक्टोबरच हवा असे नाही. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, घरातल्या मुलाचा वाढदिवस, यांतला कोणताही चालतो.

मात्र वाटताना चार गोष्टी पाळाव्यात. सर्व पिशव्यांत खाऊ सारखा असावा. पुढाऱ्याच्या मुलाला मोठी आणि दुसऱ्याला छोटी, असे होता कामा नये. मुलांना रांगेत हात पुढे करून उभे करू नये. देणाऱ्या मुलाने जवळ जाऊन, नाव विचारून पिशवी हातात द्यावी. देताना फोटो काढू नयेत. आणि चौथी गोष्ट, पिशव्या नेहमी मोजून पाच-सहा जास्त कराव्यात.

त्या जास्तीच्या कुणासाठी? पनवेलच्या आसपास जिकडेतिकडे इमारती उठत आहेत. त्या बांधकामांवर परराज्यांतून, मराठवाड्यातून आलेल्या मजुरांची मुले पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांना वस्तीच्या कार्यक्रमाचे बोलावणे नसते. तिथे मुलांना घेऊन जा. आधी त्यांच्या आईवडिलांशी बोला. शक्य असेल तर त्या मुलांनाच पुढच्या खेपेला पिशव्या करायला बोलवा. खाऊ एका दिवसात संपतो. पण पिशवी करायला शिकलेले मूल पुढे स्वतः दुसऱ्याला देऊ शकते. घेणारा कायम घेणाराच राहू नये, यासाठीच तर आपल्या माणसांनी एवढे सोसले.

पुढच्या रविवारी रद्दीवाल्याची हाक ऐकू येईल, तेव्हा जुनी कॅलेंडरे आणि अर्ध्या वह्या त्याला देऊ नका. एक फाटका सदराही बाजूला ठेवा. दुपारी मुलांना बोलवा, खळ करायला घ्या.